चौथा, आठवा, बारावा

“सर, आपल्या फुलपाड्यामागचा डोंगर झोपलाय की मेलाय?”

संपदा पाष्टे उभी राहून हे विचारेल यावर नववी ‘ब’मधल्या कुणाचाच विश्वास नव्हता. पैज लावणाऱ्या अनुष्का आणि इशिताचा तर मुळीच नव्हता. म्हणून तर इशितानं आपला साबुदाणा वड्यांचा आख्खा डबा पणाला लावला होता. आठवीपर्यंत ही मुलगी हजेरीला “उपस्थित” म्हणायची तेसुद्धा असं, की बाईंनी दोनदा नाव पुकारावं. पण यंदाच्या पंधरा ऑगस्टला मॉनिटर आजारी पडला, कवायतीच्या आज्ञा संपदाच्या गळ्यात आल्या, आणि तिनं “सावधान!” म्हटल्यावर समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतले आजोबासुद्धा ताठ उभे राहिले. आपल्याला आवाज आहे, हा शोध तिला त्या दिवशी लागला. तेव्हापासून ती तो वापरायची संधी सोडत नव्हती.

वर्ग खदाखदा हसला. इशितानं डबा दप्तरात आणखी आत सरकवला.

आग्नेल सर फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढत होते. ते वळले. खडूचे हात झटकले.

“हसू नका रे,” ते म्हणाले. “प्रश्न पैजेचा दिसतोय, पण चांगला आहे. अंदमानात बॅरन बेट म्हणून एक बेट आहे. सतराशे सत्त्याऐंशी साली जहाजावरच्या लोकांनी त्याचा धूर बघितला. अठराशे बत्तीसच्या सुमारास ते गप्प झालं. दीडशेच्या वर वर्षं गप्प. लोक म्हणाले, मेलं. आणि एक्याण्णव साली उठून बसलं की! मग चौऱ्याण्णवला परत, आणि आता यंदाच्या मे महिन्यात पुन्हा. तेव्हा झोपलाय की मेलाय, हे विचारायलाच पाहिजे.”

“मग आपला, सर?”

“आपला तू शोधायचा. मी वसईचा, समुद्राकडचा माणूस. डोंगराच्या पायथ्याशी तू राहतेस. फक्त पुस्तकातलं उतरवून आणू नकोस. डोंगराच्या पोटातलं काहीतरी आण.”

मग त्यांनी फळ्यावरचा छेद पुरा केला. बॅरन बेटासारखा डोंगर एका झटक्यात उभा राहत नाही, ते सांगत होते. एकदा लाव्हा वाहतो आणि थिजतो. पुढच्या वेळी राख आणि दगडगोटे उडतात, ते त्याच्यावर बसतात. पुन्हा लाव्हा, पुन्हा राख. असे थरावर थर चढत शंकू उंच होतो. याला म्हणायचं संमिश्र ज्वालामुखी. तो कापला, तर त्याची सगळी जन्मकथा कापलेल्या बाजूवर वाचता येते. बॅरन बेटाचं आपल्याला दिसतं ते नुसतं टोक. समुद्राच्या तळापासून मोजलं तर तो दोन किलोमीटरहून उंच आहे.

संपदानं वहीत लिहिलं : *कापला तर वाचता येतं.* खाली दोन रेघा मारल्या. मधल्या सुट्टीत सहा वडे खाल्ले आणि डबा इशिताला धुऊन परत दिला.

पण डोंगराच्या पोटातलं आणायचं कसं? डोंगर काही कलिंगड नाही. फुलपाड्यातल्या तिच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून तो रोज दिसायचा. हिरवा, आळसावलेला, अंगावर ढग घेऊन पडलेला. ती दात घासता घासता त्याला विचारायची, “काय रे, जिवंत आहेस का?”

उत्तर दिवाळीच्या सुट्टीनंतर मिळालं, आणि तेही दाराशी येऊन.

सुट्टीत ती आजीबरोबर गुहागरला मामाकडे गेली होती. तुळशीचं लग्न आटोपून दोघी परत आल्या तर बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत, दगडाच्या चुऱ्याचे सोळा ढीग एका रांगेत मांडलेले. प्रत्येक ढीग घमेलंभर. पहिल्या ढिगाजवळ फोडलेल्या नारळाची करवंटी.

“बोअरिंग झालं आपल्याकडे,” आई म्हणाली. संपदाची आई प्रेमलता म्हणजे टापटिपीचा पुतळा. तिच्या स्वयंपाकघरात डबे उंचीप्रमाणे उभे असत आणि मिरच्यासुद्धा देठ एका बाजूला करून ठेवलेल्या असत. “एकशे साठ फूट गेले. पाणी लागलं गं! आता टँकरची वाट बघायला नको.”

“पण हे ढीग कशाला?”

“त्या शांतारामभाऊंची पद्धत आहे. दर दहा फुटाला खालून जो चुरा वर येतो, त्याचा एक ढीग घालायचा. पहिला ढीग दहा फुटांचा, दुसरा वीस फुटांचा, असे ओळीनं. जमिनीखाली काय आहे ते सगळ्यांना दिसतं.”

संपदा जागच्या जागी उभी राहिली. मग चपला न घालता खाली धावली.

पहिले तीन ढीग करडे-काळे. चौथा लाल! पाच, सहा, सात काळे. आठवा लाल! पुन्हा तीन काळे. बारावा लाल! आणि पुढचे चार काळे. काळा म्हणजे लाव्हा, हे तर सरांनी सांगितलं होतं. मग लाल म्हणजे? राख! लाव्हा, राख, लाव्हा, राख. फळ्यावरचा छेदच कुणीतरी भिंतीलगत आडवा निजवून ठेवला होता. तिला इतका आनंद झाला की तिनं त्या बाराव्या ढिगाला नमस्कारच केला. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या ढिगावरून चिमूट चिमूट लाल भुकटी घेऊन तिनं तीन पुड्या बांधल्या, वर आकडे घातले आणि सूर मारल्यासारखी अनुष्काकडे गेली.

पुढचे तीन आठवडे तिघींनी दुसरं काही केलं नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी दरवर्षी चारपाच तरी असत; सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग टाकून सगळे सारखेच फेसाळत. संपदाचा ज्वालामुखी फुटत नव्हता, तो कापलेला होता. जाळीवर प्लास्टर घालून केलेला अर्धा डोंगर, आणि कापलेल्या सपाट बाजूवर खरेखुरे थर, खऱ्या चुऱ्याचे, डिंकानं चिकटवलेले. रंगकाम अनुष्काचं. अक्षर इशिताचं, कारण संपदाचं अक्षर पाहून अनुष्का म्हणाली होती, “हा भूकंपाचा आलेख छान आलाय.” बाजूला बॅरन बेटाचा सगळा इतिहास, सालांसकट. आणि वर ठळक : *आपला डोंगर – एक निद्रिस्त संमिश्र ज्वालामुखी.*

‘निद्रिस्त’ हा शब्द संपदाचाच. ‘मृत’ लिहिलं तर कोण थांबून बघणार?

शाळेत पहिला नंबर आला. परीक्षकांनी तिला बोलायला लावलं आणि ती इतकं बोलली की शेवटी घंटा वाजवावी लागली. त्या महिन्यात आग्नेल सरांची बायको मटिल्डा हिचं ऑपरेशन होतं, त्यामुळे सर रजेवर होते. त्यांनी बघितलं नाही एवढीच काय ती हुरहुर. आता शनिवारी वसईला तालुक्याचं प्रदर्शन. संपदाच्या बाबांनी, म्हणजे जगन्नाथ पाष्ट्यांनी, चर्चगेटच्या ऑफिसात शनिवारची रजा टाकली, कॅमेऱ्यात रोल भरला आणि भेटेल त्याला “आमची संपदा तालुक्याला चाललीय” हे सांगायला सुरुवात केली. हीच ती मुलगी, जिच्याबद्दल गेल्या वर्षी ते पालकसभेत म्हणाले होते, “जरा लाजरी आहे, सांभाळून घ्या.”

बातमी बिल्डिंगभर पसरली. फक्त ती पसरताना थोडी बदलली. तळमजल्यावरच्या वसुंधरा काकूंनी जिन्यातच संपदाला अडवलं.

“काय गं, डोंगर फुटायचाय म्हणे?”

“नाही काकू, निद्रिस्त आहे. म्हणजे झोपलेला.”

“झोपलेला म्हणजे उठणारच की कधीतरी! आमच्या ह्यांनी तर एव्हरशाईन सिटीत फ्लॅट बघायला सुरुवात केलीय. तिकडून डोंगर जरा लांब पडतो.”

संपदा हसली. पण वर चढताना तिला पायरी पायरीला जरा जड वाटलं, आणि कशामुळे ते कळेना.

सोमवारी सर परत आले. शाळेच्या व्हरांड्यात झाकून ठेवलेला अर्धा डोंगर त्यांनी उघडून बघितला. बराच वेळ बघितला. संपदा शेजारी उभी, आत्ता शाबासकी येईल, मग येईल.

“देखणं काम आहे,” सर म्हणाले. “आणि पोटातलंच आणलंस, म्हटल्याप्रमाणे. हे ढीग कुणी घातले?”

“बोअरिंगवाल्या शांताराम काकांनी.”

“घालताना तू होतीस?”

“नाही सर. मी गुहागरला होते.”

“बरं. उकरून बघितलेस, की वरवरचं घेतलंस?”

वरवरचंच घेतलं होतं. चिमूट चिमूट.

“चाळीस फूट, ऐंशी फूट, एकशे वीस फूट,” सरांनी बोट ठेवत ठेवत वाचलं. “बरोब्बर चाळीस-चाळीस फुटांवर. बॅरन बेट दीडशे वर्षं गप्प राहतं, मग तीन वर्षांत पुन्हा उठतं, मग अकरा वर्षांनी. आणि आपला डोंगर काय घड्याळ लावून फुटत होता? निसर्ग इतका टापटीप नसतो गं.”

*टापटीप* हा शब्द संपदाच्या कानात कुठेतरी अडकला.

“आणि राख म्हणालीस, ती राखच आहे ना? भिजवून बघितलीस? इकडे काळ्या थरांच्या मध्ये जे लाल सापडतं ते पुष्कळदा जुन्या मातीचं असतं. एक लाव्हा आला, थिजला. मग मोठी शांतता. पाऊस, ऊन, वारा. दगड कुजला, त्याची माती झाली. कदाचित झाडंही उगवली. हजारो वर्षं. मग पुढचा लाव्हा आला आणि त्या मातीवर पसरला. लाव्हा यायला थोडे दिवस पुरतात. मातीला वेळ लागतो.”

“म्हणजे हा ज्वालामुखी नाही?”

“आपल्याकडचा लाव्हा शंकूतून नाही आला. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तो पसरत गेला, चादरीवर चादर. पुढं पाण्यानं ते सगळं चिरत नेलं. उरलं त्याला आपण डोंगर म्हणतो. झोपलेलाही नाही आणि मेलेलाही नाही. तो कधी ज्वालामुखी म्हणून जन्मालाच आला नाही. पण हे मी सांगतोय म्हणून लिहू नकोस. तुझे ढीग तुझ्याकडे आहेत.” सरांनी कापड परत झाकलं. “प्रदर्शन शनिवारी. नाव तुझं आहे, ठरवायचं तू.”

शाळा सुटल्यावर तिघी थेट बिल्डिंगच्या मागे गेल्या. ढीग अजून होते. पोरांनी थोडे तुडवलेले, एकावर मांजर बसलेलं. संपदानं घरून उलथनं आणलं आणि चौथ्या ढिगाच्या मधोमध उभा काप घेतला.

वर बोटभर लाल. खाली सगळं काळं.

आठवा कापला. वर बोटभर लाल, खाली काळं. बारावा तसाच.

“कुणीतरी वरून शिंपडलंय,” इशिता पुटपुटली.

संपदानं एकेक करत सगळे ढीग कापले. सातव्या ढिगाचा काळा चुरा बाजूला सारला तेव्हा अगदी तळाला, जमिनीला चिकटलेली, लाल भुकटीची गोल खूण निघाली. कपाळावरचं कुंकू पुसल्यावर राहते तशी.

“इथे होता,” ती म्हणाली. “लाल ढीग इथे होता. एकच.”

“बरं मग?” अनुष्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आता काय करायचं? मी त्या तीन पट्ट्यांवर आठ दिवस घातलेत, संपदे. आठ! तालुक्याचे परीक्षक काय इथे उलथनं घेऊन येणारेत?”

“पण ते खोटं आहे.”

“आपण कुठे खोटं केलं? आपल्याला दिसलं ते आपण लावलं. कुणाला कळणारे?”

“वसुंधरा काकू फ्लॅट बदलायला निघाल्यात!”

यावर अनुष्काला हसू आलं, पण ती हसली नाही. ती रागावलेली होती आणि तिला रागावलेलंच राहायचं होतं.

भिंतीवर शांताराम काकांच्या माणसांनी रंगानं मोबाईल नंबर लिहून ठेवला होता. नाक्यावरच्या एक रुपयाच्या फोनवरून संपदानं तो फिरवला. तिकडे बोळिंजला कुठेतरी त्यांचं मशीन चालू होतं. फोनमधून डोंगर फुटल्यासारखा आवाज येत होता.

“काका! मी फुलपाड्याहून बोलतेय! तुम्ही सोळा ढीग घातले होते ना!”

“कोन? हां हां, सोला ढीग! पानी लागलं तिथं! पानी येतं ना बरोबर?”

“येतं! काका, लाल किती वेळा लागलं?”

“लाल? एकदाच लागलं, बाय! सत्तर फुटाला! मी पोरान्ला बोललो, लाल लागलं, आता पानी लांब नाय. आनि लागलं! का गं? काय झालं?”

“काही नाही! थँक्यू काका!”

“अगो, ते लाल तुमच्या बायका घेऊन गेल्या होत्या ना! मी ओरडलो, म्हटलं सेक्रेटरी बघूस्तोवर ढिगाला हात नाय लावायचा! मंग ठेवलं वाटतं परत कोनी तरी...”

रुपया संपला.

संपदा फोन ठेवून दोघींबरोबर बिल्डिंगकडे परतली. बिल्डिंगच्या दारात तुळशीवृंदावन होतं. लग्नाला सजवलेलं, अजून झेंडूची वाळकी माळ अंगावर. कुंडी सुरेख लाल रंगवलेली. दरवर्षी गेरूनं रंगवायचे. यंदाचा लाल जरा वेगळा होता, विटकरीकडे झुकणारा. तिनं बोट ओलं करून कुंडीवर घासलं आणि खिशातली ‘आठवा’ लिहिलेली पुडी सोडून शेजारी धरली.

“अरे देवा,” इशिता म्हणाली.

अनुष्का बघत राहिली, आणि मग तिचा राग एकदम फुटलाच. ती हसत सुटली. “म्हणजे आख्ख्या फुलपाड्यात एकच संमिश्र ज्वालामुखी, आणि तो तुझ्या आईनं केलाय!”

“आईनंच कशावरून?” संपदा म्हणाली. पण तिला माहीत होतं. दर तीन सोडून एक. चौथा, आठवा, बारावा. असं मांडणारी बाई त्या बिल्डिंगमध्ये एकच होती.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले. आईनं चहा टाकला. संपदानं तीन पुड्या ओट्यावर ठेवल्या.

“आई, तुळशीला रंग कुठला लावलास?”

“आवडला ना?” आई खुशीत वळली. “अगं, त्या बोअरिंगच्या ढिगात एक इतका सुंदर लाल होता! गेरू आणायला नको म्हटलं. मी आणि वसुंधरावहिनींनी पिठाच्या चाळणीनं चाळून घेतला. मध्ये रांगेत खड्डा दिसायला लागला, दात पडल्यासारखा, म्हणून शेजारचा काळा ओढून मी तो भरून टाकला. नंतर ते शांतारामभाऊ जे काही तडकले! उरलेला परत ठेवला मी. पण एका जागी ठेवला असता तर कमी झालेला दिसला असता ना. म्हणून तीन ढिगांवर सारखा सारखा घातला, मोजून. रांग किती छान दिसत होती नंतर...”

बोलता बोलता तिची नजर पुड्यांवरच्या आकड्यांवर गेली. चार. आठ. बारा. चहा उतू जायला लागला तरी तिनं गॅस बंद केला नाही. संपदानंच केला.

“ते... ते थर?” आईनं विचारलं. “तुझ्या डोंगरातले?”

“हो.”

बाबा बाहेरच्या खोलीतून आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातात अजून बॅग होती. “म्हणजे काय, प्रोजेक्ट चुकलं?”

“चुकलं, बाबा. दोनदा चुकलं. लाल एकदाच लागलंय, सत्तर फुटाला. आणि मी राख म्हटलं, ती राखसुद्धा नाहीये.”

“राख कशी असेल?” आई एकदम म्हणाली. रडवेल्या आवाजातही तिला हे सहन झालं नाही. “गावाला राखेनं भांडी घासून माझे हात सोलले आहेत. राख भिजवली की रवाळ होते, चिकटत नाही. ही तर लोण्यासारखी भिजली, चिकणी माती होती. एका हातात कुंडीला बसली.”

संपदा आईकडे बघत राहिली. सरांनी विचारलं होतं, भिजवून बघितलीस? भिजवून बघितली होती. कुणीतरी बघितली होती, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ती खिडकीशी गेली. डोंगर रोजच्यासारखा पडला होता, कडेला सांजेचा उजेड. इतके दिवस तिला त्याच्यात आग हवी होती. आग म्हणजे काहीतरी घडणं, असं तिला वाटायचं. आता तिला सत्तर फूट खालचा तो एकच लाल पट्टा दिसत होता. कुठलंही साल नसलेला, कुणी जहाजावरून न पाहिलेला काळ. वरून काहीच घडत नव्हतं, आणि खाली दगडाची माती होत होती. शेवटी शांताराम काकांना पाण्याची चाहूलही तिथंच लागली होती. आपल्या आठवीपर्यंतच्या गप्पपणाची तिला आजवर लाज वाटायची. आज पहिल्यांदा नाही वाटली.

मागे बाबा हलक्या आवाजात बोलत होते. “हे बघ संपदा, तू मुद्दाम नाही केलंस. शनिवार तर आलाच. या वेळी आहे तसं जाऊ दे. सगळ्यांना सांगून झालंय गं. ऑफिसात...”

“आणि मी केलं हे लोकांना कळलं तर?” आई म्हणाली. “चाळणीसकट हसतील मला.”

संपदा वळली. आवाज चढवला नाही; कवायतीचा आवाज तिनं मुद्दाम बाजूला ठेवला.

“बाबा, आई, मी ठरवलंय. शनिवारी डोंगरावर एकच लाल पट्टा असेल. सत्तर फुटाला, आणि खाली ‘माती’ लिहिणार, राख नाही. ‘निद्रिस्त संमिश्र ज्वालामुखी’ खोडणार. बॅरन बेट शेजारी राहील, कापलेलं. म्हणजे खरा संमिश्र कसा असतो आणि आपला का नाही, हे दोन्ही दिसेल. अनुष्का शिव्या घालेल, पण रंगवायला येईल. आज जाऊन वसुंधरा काकूंना सांगणारे, एव्हरशाईनला जायची काही गरज नाही. आणि पुरावा कसा हलला तेही बोर्डावर लिहिणार, सगळं, कापलेल्या ढिगाच्या चित्रासकट.”

“नंबर जाईल,” बाबा म्हणाले.

“जाईल. जाऊ दे. पण तुम्ही रजा रद्द करायची नाही.” ती आईजवळ गेली. “आणि आई, तुझं नाव पण घालणारे मी. वरती, आमच्या तिघींच्या ओळीत. ‘लाल थर माती आहे हे भिजवून पाहिलं – प्रेमलता जगन्नाथ पाष्टे.’ तू नको म्हणालीस तरी घालणार.”